केळशीच्या लिंबाचं कलम

आमच्या रत्नागिरीत झाडाची जात विचारायची पद्धत आहे. माणसाची विचारत नाहीत असं नाही, पण झाडाची आधी. अंगणात आंबा दिसला की पाहुणा चपला काढता काढताच विचारतो, "कलम की रायवळ?" कलम म्हटलं की मान डोलावतो. रायवळ, म्हणजे कोणीतरी टाकलेल्या बाठ्यातून आपोआप उगवलेलं, असं कळलं की "असू दे, सावलीला बरं," म्हणून पडवीत येऊन बसतो. बाठ्यातून आलेलं झाड आईसारखं निघेल याचा भरवसा नाही, हे आम्हाला पाळण्यातच कळतं. आंब्यापुरतं ते खरंही आहे. आम्ही ते लिंबालाही लावलं.

मी काही शिकलेली नाही. चौथी झाली, मग घर, केळशीचं आमचं आगर, आणि आगराच्या टोकाला समुद्र. पण वाचायची खोड लागली ती लागली, भेळेचा कागदसुद्धा मी उलटसुलट वाचते. आणि हाताला एक विद्या होती, ती आईची. डोळा बांधायची. आंब्याचं कलम बांधणारे गडी पुष्कळ, पण लिंबाचा डोळा बांधणारी बाई आमच्याकडे ती एकच होती. जंबुरी म्हणून एक रानटी, काटेरी लिंबू असतं. त्याचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीला उभा आणि आडवा छेद द्यायचा. आपल्या चांगल्या लिंबाच्या फांदीवर पानाच्या बगलेत डोळा असतो, तो सालीसकट ढालीसारखा उतरवायचा, छेदात सरकवायचा, आणि केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीने, गुंडाळायचं. खाली पाय जंबुरीचे, वर अंग आपल्या लिंबाचं.

ते लिंबू कसं होतं ते सांगायला हवं. कागदासारख्या पातळ सालीचं, पिकलं तरी देठाकडे हिरवट, आणि कापलं की वास माजघरापर्यंत. लोणचं कडू म्हणून व्हायचं नाही. लग्न होऊन मी रत्नागिरीजवळच्या या वाडीत आले ती एस्टीने, शालू नेसून, मांडीवर पत्र्याचा डबा आणि डब्यात कलम. हे शेजारी बसले होते, त्यांना काटा लागला म्हणून ते सगळा घाट अंग चोरून बसले. सासूबाईंनी पुढे ते झाड मागीलदारी न्हाणीच्या पाण्यावर लावलं, आणि चार वर्षांनी मिरकरवाड्याहून मासे घेऊन येणारी बाई टोपली उतरवायच्या आधी विचारू लागली, "लिंबं हायत ना गो?" दोन लिंबांना ती चार मांदेली जास्त टाकायची.

मग आईचं मी इथे सुरू केलं. वाडीतली मुलगी लग्न होऊन निघाली की ओटी भरून झाल्यावर माझ्याकडून तिला एक कलम. कोणी सांगितलं नव्हतं, पण तशी रीत पडत गेली. पुढे पुढे मुलीची आई सहा महिने आधी येऊन सांगायची, "काकी, आमच्या बायोचं ठरलंय हो." म्हणजे डोळा बांधायला घ्या. संगमेश्वर, लांजा, राजापूर, कुठे कुठे माझी लिंबं गेली. तिथून मुली माहेरपणाला आल्या की आधी माझ्याकडे यायच्या, "काकी, लागलं हो लिंबू!" मला काय वाटायचं ते लिहीत नाही. बाईला दुसरं काय असतं मागे ठेवायला.

डोळा कुठला घ्यायचा याची आईने एक खूण शिकवली होती. फांदीची साल थोडी सोलायची आणि आतल्या लाकडावरून अंगठा फिरवायचा. केळशीच्या लिंबाच्या लाकडाला बारीक बारीक खड्डे असतात, खसखशीएवढे. "देवीच्या वणासारखं लागलं पाहिजे," आई म्हणायची. "हे असलं तर आपलं लिंबू. गुळगुळीत लागलं तर सोडून दे, कुठलं तरी मिसळलेलं असेल." मी तसंच केलं. गुळगुळीत फांद्या सोडल्या आणि खड्ड्यांच्या घेतल्या. उगाच कुणाला रायवळ जायला नको.

झाड म्हातारं व्हायला लागलं तेव्हा मला काही वाटलं नाही, मीही होतच होते. एक फांदी वरून वाळत आली. लिंबं बोराएवढी राहू लागली. वाडीत इतर ठिकाणीही तसंच ऐकू येत होतं, आणि गंमत म्हणजे जी माझ्या हातची तीच जात होती. शेजारीण एकदा हसत म्हणाली, "काकी, तुमची सगळी लिंबं एकदमच म्हातारी झालीत की काय? वय तर एक नाय." मीही हसले.

माझ्या मुलीची मुलगी झाडांचंच शिकली, मोठं शिकली, आणि लांब एका शहरात प्रयोगशाळेत लागली. एका मे महिन्यात चार दिवस माझ्याकडे आली. सकाळी तोंडात ब्रश धरून मागीलदारी गेली ती आत येईना. चहा निवला. मी हाक मारली, "अगो, दात घासत्येस की झाड?"

ती लिंबाचं पान उन्हासमोर धरून उभी होती.

"आजी, ही शीर बघ. मधे मधे पुसल्यासारखी दिसत्ये."

"पिकलं असेल पान."

"कोवळं आहे. आणि वाटीसारखं वळलंय. एक फांदी कापू?"

मीच सुरी आणली आणि कापून दिली. आणि शिकलेल्या नातीपुढे आपणही काही दाखवावं म्हणून साल सोलून लाकूड तिच्यापुढे धरलं. "हे बघ खड्डे. केळशीची खूण. हे असले तरच मी डोळा घेते. तुझ्या पणजीने शिकवलेन मला."

तिने अंगठा फिरवला. मग धुण्याच्या दगडावर बसली. ब्रश हातात तसाच.

"आजी, ही खूण नाही गो. हा रोग आहे."

"शहाणी आहेस. पन्नास वर्षं हे असंच आहे."

"पन्नास वर्षं रोगच आहे. पणजीच्या झाडालाही असणार. चांगल्या मातीतलं झाड वर्षानुवर्षं अंगावर वागवतं, आणि मग एक दिवस बसतं."

मग तिने समजावून सांगितलं. लिंबाच्या कुळातला एक विषाणू. मावा, म्हणजे पानाखाली बसतो तो काळा बारीक किडा, तो एका झाडाचा रस पिऊन दुसऱ्यावर जातो आणि थोडा थोडा पसरवतो. पण सगळ्यात खात्रीने पसरवतो तो डोळा. रोगी झाडाचा डोळा बांधला की नव्या झाडाला तो जन्मतःच.

"आणि बी लावलं तर?" मी सहज विचारलं.

तिने ब्रश दगडावर ठेवला. मग म्हणाली, "बीमध्ये तो उतरत नाही, आजी. बी स्वच्छ असतं. आणि लिंबाचं आंब्यासारखं नसतं. बियांतून बहुतेक आईसारखंच झाड येतं."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे तुझं केळशीचं लिंबू तुला बीमधूनही मिळालं असतं."

मी आत जाऊन चहा गरम करत राहिले. उकळून उकळून काळा झाला. मला सारखं एकच दिसत होतं. लोणच्यासाठी लिंबं चिरताना बिया मी पदराने गोळा करून उकिरड्यावर टाकायची. तिथे उगवली तर उपटायची, रायवळ म्हणून. आणि रोगाला अंगठ्याने चाचपून, निवडून, बांधून, ओटीबरोबर मुलींच्या घरी पाठवायची.

तिने विचारलं, कुठे कुठे दिलीस. मी सांगायला लागले आणि चवथ्या-पाचव्या घराशी थांबले. ती म्हणाली, "राहू दे."

मग मला एकच हवं होतं, ते सरळ सांगते. माझ्यामागे हे लिंबू राहावं, निरोगी. मी म्हटलं, आता बिया लावू. तिने लावूनही दिल्या. पण वाडीभर रोगी झाडं उभी, त्यांवर मावा, आणि मावा काही कुंपणाचा गडगा बघून थांबत नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या स्वच्छ रोपांची कोवळी पानं मी उन्हासमोर धरली. बघायला तर मी आता शिकले होते. शिरा पुसलेल्या.

तेव्हा नातीने फोनवर सांगितलं, "आजी, मी तुझ्याच लिंबाचं असं झाड करून बघते की रोग आला तरी धरणार नाही. आमच्याकडे ते काम सुरू होतंय. मला तुझ्या बिया पाठव."

हे काम काय ते मी तिच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की पाठ झालंय. बी काचेच्या नळीत अंधारात रुजवायचं. पांढरा कोवळा दांडा येतो, त्याचे नखाएवढे तुकडे करायचे. मातीत एक जंतू असतो, त्याला सवय अशी की झाडाच्या पेशीत शिरून आपलं सामान तिथे ठेवून द्यायचं. ही माणसं त्याचं सामान काढून घेतात आणि त्याच्या पिशवीत आपलं भरतात. "काय भरता?" मी विचारलं. "त्या विषाणूचाच एक लहानसा तुकडा. त्याने रोग होत नाही, पण झाडाला ओळख पटते. खरा आला की झाड त्याला तोडून टाकतं."

"म्हणजे चोराचा फोटो चौकीत लावायचा."

ती एवढी हसली. म्हणाली, आमच्या साहेबांना सांगते. सांगितलंनही, म्हणे. ते म्हणाले, आजींना इकडे बोलवा.

तुकडे पुष्कळ, जगायचे थोडे. जे फुटत त्यांना मूळ धरेना, म्हणून ते कोवळे शेंडे दुसऱ्या इवल्याशा रोपावर बांधावे लागत. तिची बांधलेली मरत. मोठी शिकलेली मुलगी, व्हिडिओवर रडकुंडीला आलेली. "दाखव, कशी धरत्येस सुरी," मी म्हटलं. बघते तर श्वास कोंडून बसलेली. "श्वास सोड आधी. हात थरथरतो तो त्याने. आणि एकदाच काप. दुसऱ्यांदा सुरी लावलीस की ती जखम." त्यानंतर तिची चार जगली. कितीतरी बांधली त्यांतली चार. मी वाडीभर सांगितलं, चार लिंबं आहेत आपली, तिकडे जाळीत वाढतायत. शेजारीण म्हणाली, "त्यांतलं एक आमच्या बायोच्या लग्नाला होईल काय हो?" तिची मुलगी तेव्हा बारावीत होती. मी म्हटलं, होईल की.

मी एकदा जाऊन बघून आले. दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. वर पांढरा कोट, पायात त्यांच्या सपाता. आणि आत कुंडीत चार झाडं, माझ्या कमरेएवढी. मी एकाच्या पानाकडे हात नेला तर नात म्हणाली, "आजी, हात नको." मी वाकून वास तेवढा घेतला. तोच होता. मी म्हटलं, एक दे मला, कोणाला सांगत नाही. ती म्हणाली, "इथून एक पानसुद्धा बाहेर नेता येत नाही. परवानग्या लागतात, वर्षं लागतात. आधी रोगासमोर टिकायला तर हवीत."

रोगासमोर टिकवायचं म्हणजे रोग द्यायचा. तिथल्या एका रोगी झाडाची साल त्यांनी आधी बांधून बघितली होती, चारही तगली. आता तिला आमच्याकडचा रोग हवा होता, कारण झाड लागणार होतं ते आमच्याकडे. पुढच्या खेपेला आली तेव्हा म्हणाली, "तुझ्या झाडाचे डोळे दे."

तर ते मी दिले. सकाळी उठून, सुरी धुऊन, अंगठ्याने खड्डे चाचपून, अगदी खात्रीचे. ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या डब्यात घातले. मी आयुष्यात इतक्या जणींना ते दिले, पण रोग म्हणून, माहीत असून दिलेले ते एवढेच.

तीन झाडांवर रोग तीन महिन्यांत दिसला. चौथं मात्र उभं राहिलं. एक पावसाळा गेला, हिवाळा गेला. रविवारी तिचा फोन आला की माझा पहिला प्रश्न, "चौथं कसं आहे?" तिचे बाबा, माझे जावई, हसायचे, की तब्येत विचारायची पद्धत बदलली. मी मागीलदारी जागा करून ठेवली. न्हाणीचं पाणी पलीकडून वळवून घेतलं. आमच्या झाडाला तेव्हा दोनच फांद्या हिरव्या होत्या, पण मी ते तोडलं नव्हतं. चौथं ठरलं की तोडायचं, असं मनात.

एका रविवारी तिने आईची, बाबांची, सगळ्यांची खुशाली सांगितली आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, "आजी, चौथ्याच्या शिरा पुसल्यात."

मी म्हटलं, "नीट बघ. उन्हासमोर धर."

"धरलं गो. तपासणीही केली. तुमच्याकडचा विषाणू एका जातीचा नाहीच, दोन-तीन एकत्र आहेत. आम्ही ज्याची ओळख दिली तो आत येऊ शकला नाही. दुसरा आला."

"मग दुसऱ्याची द्या ओळख."

"ते काम आता बंद झालं. मला दुसऱ्या पिकावर घेतलंय."

"आणि झाडं?"

ती म्हणाली, असली झाडं बाहेर फेकता येत नाहीत. कुकरसारखं मोठं यंत्र असतं, त्यात घालून वाफेवर मारतात. तिनेच तुकडे करून घातली. मला एकदम लोणच्याची लिंबं उकडतो तो वास आला, खरं सांगते. तिला मात्र काही म्हटलं नाही. ती रडत होती आणि आजूबाजूला तिची माणसं असणार.

त्यानंतर मी वाडीत घरोघर गेले. जर जमेल तेवढी झाडं सगळ्यांनी तोडली, दोन-चार वर्षं वाडीत लिंबूच ठेवलं नाही, आणि मग बियांची लावली, तर काही आशा, असं नातीने सांगितलं होतं. लोकांनी मला बसवलं, चहा दिला, कोणी फणसाचं सांदण दिलं. "काकी, तुम्हीच दिलंत नव्हे?" एक म्हणाली. "एक फांदी हाय अजून हिरवी. कशाला तोडायचं हिरवं?" शेजारीण म्हणाली. एक म्हातारे होते, ते म्हणाले, "सगळ्यांनी तोडलं तर मी तोडतो." सगळेच असं म्हणाले. सगळ्यांनी तोडलं तर.

मी माझं तोडलं. गड्याला अर्धा तास लागला. साल पडली होती तिथे मी बघितलं, खोडही तसंच, खालपासून वरपर्यंत खड्डे.

महिन्याभराने बुंध्याला फुटवा आला, हिरवागार, तजेलदार. शेजारीण गडग्यावरून ओरडली, "आलं की वो काकी! मी म्हटलं नव्हतं?" मी जवळ जाऊन पान चुरगाळून हुंगलं. जंबुरी. वरचं अंग गेलं, खालचे पाय फुटले. जंबुरी रोग अंगावर बाळगते आणि वर टवटवीत दिसते. मी ते मोडते, आठ दिवसांनी पुन्हा येतं. शेजारणीला मी सांगितलं, हे आपलं नव्हे. तिला वाटलं, मला द्यायला लागू नये म्हणून सांगत्ये.

तिच्या मुलीचं यंदा लग्न झालं. सहा महिने आधी ती मला सांगायला आली नाही, तेव्हाच मी समजायला हवं होतं. ओटी भरताना बघते तर पाटाशेजारी पिशवीत कलम. केळीच्या सोपटाने बांधलेलं, गाठ माझ्याच पद्धतीची, डावीकडून. तिच्या वाळत्या झाडाच्या त्या एका हिरव्या फांदीवरचं. मीच तिला कधीतरी गंमत म्हणून शिकवलं होतं.

मी तिला बाजूला घेतलं. "हे देऊ नको गो पोरीला. तुला सगळं सांगितलंय मी."

ती रागावली नाही. त्या दिवशी कोण रागावणार. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "काकी, इतकी वर्षं तुम्ही दिलंत ते चाललं. माझ्या एकुलत्या एक मुलीच्या वेळी रोग आठवला?"

मागून कोणीतरी हळद-कुंकू द्या म्हणालं, मी दिलं. मुलगी माझ्या पाया पडली. गाडीत बसली तेव्हा कलम तिच्या मांडीवर होतं, आणि जावई काटा लागेल म्हणून सरकून बसला होता.

रविवारी नातीला सांगितलं. तिने विचारलं, "कुठे दिली मुलगी?"

"गुहागरकडे."

"तिथे लिंबं आहेत का गो आजूबाजूला?"

"सासरच्यांचं आगर आहे म्हणे. सगळं लिंबाचंच."

फोन दोन्हीकडून चालूच होता. शेवटी तिने विचारलं, जेवलीस का. मी म्हटलं, जेवले.